चार नंबरचे छर्रे

गोरेगाव, ता. सेनगाव
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

चि. वैजू,

ताईचा आशीर्वाद. इकडं आम्ही सुखरूप आहोत. माय साखऱ्यालाच आहे, गुडघे धरतात तिचे, पण तुझं लग्न बघितल्याशिवाय मरत नाही म्हणते. यंदा पाऊस उतू गेला. खालच्या वावरातलं सोयाबीन पिवळं पडलं, वरचं बरं आहे. सृष्टी दहावीत गेली. उंचीला माझ्या कानापर्यंत आली आहे.

हे पत्र प्रतिक्षाच्या हातानं पाठवते. रामकिशन काकांची ही नात सुट्टी संपवून डॉक्टरकी शिकायला परत बिश्केकला चालली आहे. तिकडं तुझ्याच मेसमध्ये जेवते म्हणाली. तुझ्या हातची आमटी गावाकडच्यासारखी लागते असंही सांगत होती. बरं वाटलं ऐकून.

दोन वर्षांत तुझ्या एकाही मेसेजला मी उत्तर दिलं नाही. गेल्या आठवड्यात तीन रायफलींचे फोटो आले. खाली लिहिलं होतंस, "ताई, इथला अझामतभाई मला डोंगरात रानबोकडाच्या शिकारीला घेऊन चाललाय. परवाना त्यानं काढला. दाजी असते तर त्यांनाच विचारलं असतं. यातली कोणती घेऊ? काडतूस कोणतं घालू?"

विचारलंस, तर सांगते. तुझे दाजी फौजेत फायरिंगचे उस्ताद होते. लडाखच्या डोंगरात त्यांनी पोरांना नेम शिकवला, आणि पेन्शनीवर आल्यावर रोज संध्याकाळी मला. एनसीसीच्या कॅम्पातून मी जे मेडल आणलं होतं त्याला ते हसायचे. म्हणायचे, कागदाला नेम लागतो कारण कागद तुझ्याकडं बघत नाही.

पहिली रायफल, लाकडी दस्त्याची रशियन. आपोआप पुढची गोळी भरते ती. अझामतभाईकडं तिच्या गोळ्या पेटीभर असतील. पण त्या फौजेच्या असतात, शेंड्यापासून तांब्याच्या कवचातल्या. अशी गोळी सुईसारखी जाते. इकडून शिरली, तिकडून निघाली, आणि जनावर चालतच राहतं. मग कुठंतरी कपारीत जाऊन दोन दिवस मरत पडतं. ती नको.

दुसरी तीनशे मॅग्नम. तुझं मन तिच्यावर आहे हे मला कळलं, कारण बाकीच्यांचा एकेक फोटो आणि तिचे चार. वैजू, ती लाथ मारते. पहिल्या दोन गोळ्यांत खांदा निळा होतो, आणि तिसरीला चाप ओढायच्या आधीच डोळा मिटतो. दाजींनी पहिलवान गडी तिच्यापायी नेम हुकवताना पाहिले होते. ज्यानं आयुष्यात चार वेळा बंदूक धरली त्याच्यासाठी ती नाही.

तिसरी घे. ती काळी, साधी, दर गोळीला हातानं बोल्ट ओढायची तीनशे आठ. गोळी एकशे पासष्ट ग्रेन वजनाची, मऊ शेंड्याची. अशी गोळी आत गेली की फुलते आणि फुफ्फुसाचा चेंदा करते. जनावर फार लांब जात नाही. शिकारीच्या आधी तिकडंच, डोंगरावरच, दगडावर टेकून नेम तपासून घे. वर हवा विरळ असते, गोळी खालच्या मैदानापेक्षा थोडी वर लागते. चढावर मारायचं असो की उतारावर, गोळी वरच जाते, म्हणून नेम जरा खाली धर. बोकड आडवा उभा राहीपर्यंत थांब. पुढच्या पायाच्या मागं, अंगाच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात मार. कड्याच्या काठावर असला तर झाडू नको. तीनशे मीटरच्या पुढं तर मुळीच नको.

आणि गोळी लागली असं वाटलं, आणि जनावर पडलं नाही, तर

इथं मी पेन ठेवला. चहा केला. गोठ्यात जाऊन आले. हे वाक्य पुरं करायचं तर ते अझामतभाईच्या डोंगरातलं होत नाही, आपल्या तुरीतलंच होतं. बाकी सगळं मी गिळलं, वैजू. पण काडतूस कोणतं घालू हे तू मला विचारावंस, ते गिळवत नाही.

तुला ती संध्याकाळ आठवत असेलच. तू बिश्केकला जायच्या आधी आठ दिवस आमच्याकडं राहायला आला होतास. दाजी तापानं फणफणले होते. हरभऱ्यात डुकरं शिरतात म्हणून वनखात्याकडून त्यांनी परवाना घेतलेला. तू न विचारता खुंटीवरची दुनळी बंदूक काढलीस आणि वावरात गेलास. अंधार पडायला आलास. दाजी अंथरुणातून उठून बसले.

"परवाना माझ्या नावावर हाय. तू हात काहून लावला?"

"डुक्कर समोरच उभं होतं, दाजी. ऱ्हायलं न्हाई."

"लागलं का?"

"न्हाई. साफ हुकलं. वढ्याच्या अंगानं पळालं."

"बराबर पाह्यलं का? रगत?"

"येक थेंब न्हाई."

"काडतूस कोणतं घातलं व्हतं?"

"तुमचंच. मोठ्या छऱ्याचं."

मी तुला जेवायला वाढत होते, म्हणून मला शब्द न शब्द आठवतो. तू वांग्याची भाजी दोनदा मागून घेतलीस. मोठ्या छऱ्याची काडतुसं दाजी लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवायचे. बाहेर फळीवर असायची ती चार नंबरची, बारीक छऱ्याची. माकडं आणि पोपट हुसकायला. पण ताप होता, आणि तुझा शब्द होता. दाजींनी कपाट पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपनं तू हिंगोलीला गेलास, तिथून दिल्लीला.

दाजी कसे गेले ते तुला मायनं फोनवर सांगितलं. डुकरानं मारलं, दवाखान्यात नेता नेता गेले, शेवटी विठ्ठलाचं नाव घेतलं. आता मी सांगते. मी तिथं होते, माय नव्हती.

चार-पाच दिवसांत ताप उतरला तसे हे वावरात निघाले. मीही गेले. सकाळची वेळ. तूर डोक्याच्या वर गेलेली, शेंगा लागलेल्या. मी बांधावर होते, हे पुढं. दुनळी मधोमध मोडून, रिकामीच खांद्यावर टाकलेली, दोन काडतुसं शर्टाच्या खिशात. जखमी जनावर आत बसलंय हे माहीत असतं तर त्यांनी तुरीत पाऊल टाकलं नसतं. चार माणसं लावली असती, कुत्री सोडली असती, बंदूक भरून बांधावर उभे राहिले असते. ते उस्ताद होते, वैजू.

आधी वास आला. मेलेल्या ढोराचा. हे थांबले आणि म्हणाले, "कुत्रं मेलं का काय इथं?" तेवढ्यात तूर फाटली.

त्यानं आवाजसुद्धा केला नाही. सरळ मांडीत घुसलं. सुळा आत घालून वर ओढला, धोतर टरकावं तसा. हे आडवे झाले. धडधाकट डुक्कर एकदा मारतं आणि पळतं. हे पुढं जाऊन वळलं आणि परत आलं. यांनी दोन्ही हातांनी त्याचं थोबाड धरायला पाहिलं, तर उजव्या हाताची दोन बोटं तिथंच तुटली. मग पोटात. मी ओरडत होते म्हणे. मला माझा आवाज आठवत नाही, हाडाचा आठवतो.

मी बांधावरून उडी टाकली. बंदूक ढेकळात पडलेली होती, पण काडतुसं यांच्या खिशात, आणि हे डुकराखाली. मी डुकराच्या थोबाडाखालून यांच्या छातीवर हात घातला. त्याची लाळ आणि यांचं रक्त माझ्या कोपरापर्यंत. खिसा फाटला, काडतुसं हातात आली. बंदूक उचलून दोन्ही नळ्या भरल्या.

पहिली खांद्यात घातली, हाताच्या अंतरावरून. पुढचे पाय मोडले आणि ते तोंडावर पडलं. मेलं नाही. मोडक्या पायांवर घसटत माझ्याकडं सरकायला लागलं. दुसरी कानामागं, नळी टेकवून. त्याच्या डोक्यातलं माझ्या तोंडावर उडालं.

तेव्हा मी ते नीट पाहिलं. डावा डोळा नव्हता. खोबण पुवानं भरलेली. मानेवर, खांद्याच्या फऱ्यावर छिद्रंच छिद्रं, सुजून फुटलेली, आणि त्यांत अळ्या वळवळत होत्या. त्याच डाव्या बाजूनं हे जात होते. त्याला दिसलं नसेल, फक्त पावलं ऐकू आली असतील. चार-पाच दिवस ते तुरीत पडून सडत होतं, वैजू. मला त्याची दया आली. माझ्या नवऱ्याचं आतडं त्याच्या सुळ्याला होतं, आणि मला त्याची दया आली.

हे शुद्धीत होते. मी पदर फाडून मांडी आवळत होते, तरी माझ्या बोटांमधून गरम रक्त उसळत होतं. यांनी मान वळवून त्या डुकराच्या तोंडाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे छऱ्याचं हाय," म्हणाले. "चार नंबर."

मी म्हणाले, बोलू नका.

"त्यानं खोटं सांगितलं गं मला."

त्यांनी विठ्ठलाचं नाव घेतलं नाही, सृष्टीचं नाही, माझंही नाही. शेजारच्या वावरातला थावरा धावत आला, त्यानं जीप आणली. सेनगावच्या अलीकडं, माझ्या मांडीवर डोकं असताना, हे गेले. मधल्या रस्त्यात एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं शेवटचं बोलणं ते, आणि ते तुझ्याविषयी.

दुपारी वनखात्याचा माणूस आणि ढोरांचे डॉक्टर आले. डॉक्टरांनी डुकराच्या मानेतून छर्रे काढून माझ्यापुढं धरले. ज्वारीच्या दाण्यापेक्षा बारीक. "ताई, हे कुणी मारले?" तुझं विमान दोन दिवसांवर होतं. दुसऱ्याच्या परवान्यावरची बंदूक चालवलीस हे कळलं असतं तर तू दिल्लीहून विमानात नाही, सेनगावच्या ठाण्यात आला असतास. मी म्हणाले, "यांनीच मारले असतील. ताप होता, चुकून घातले असतील." डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं आणि लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी तू फोन करून विचारलंस, "ताई, मी येऊ का?" मी म्हणाले, नको, तू जा. सगळ्यांना वाटलं, काय काळजाची बहीण आहे, नवरा गेला तरी भावाच्या नोकरीचं बघते. तसं नव्हतं. तुझं तोंड समोर आलं असतं तर माझ्या हातून काय झालं असतं ते मला माहीत नाही. बंदूक ठाण्यात जमा होती, पण विळा घरातच होता.

तरी तेव्हा मी मनाला समजावत होते, की तुला लागल्याचं कळलंच नसेल. अंधार होता, पोरगं घाबरलं असेल. तेरावं झाल्यावर थावरा ओसरीवर येऊन बसला. तंबाखू मळली. मग म्हणाला, "वहिनी, मी त्या सांजंला बांधावर व्हतो. वैजूदादा खाली बसून मोबाईलच्या उजेडात माती पाहून राहिला व्हता. मंग त्यानं पायानं माती सारली. म्या जवळ जाऊन पाह्यलं. रगत व्हतं, वंजळभर." मी त्याला विचारलं, तेव्हाच काहून नाही सांगितलं? तर म्हणाला, "मला वाटलं, दादानं घरी सांगितलं असंल. कोण न्हाई सांगणार?"

मी त्याला शपथ घातली. तो आजवर बोलला नाही. पण माझ्या जबाबावरून गाव बोललं. विश्वंभर एवढा फौजेतला उस्ताद, आणि पाखराच्या छऱ्यानं डुक्कर मारायला गेला. पारावर हसत नाहीत कुणी, मेलेल्या माणसाला हसत नाहीत, पण बोलतात. जिनं त्यांना रोज काडतूस हातात घेऊन उजेडात धरून वाचताना पाहिलं, तिनं हे ऐकायचं आणि पुढं चालायचं.

गेल्या महिन्यात शाळेतून बोलावणं आलं. वर्गातल्या एका पोरानं सृष्टीला म्हटलं, तुझा बाप स्वतःच्या चुकीनं मेला. तिनं कंपासपेटी त्याच्या तोंडावर हाणली. दात पडला त्याचा, ओठ फाटला, बाकावर रक्त. मी त्या पोराच्या आईचे पाय धरले. घरी आल्यावर सृष्टीनं मला विचारलं, "आई, बाबांनी ते काडतूस काहून घातलं? त्यांना तर सगळं कळायचं." मी भाकरी थापत होते. तव्यावरची उलटली.

बंदूक वर्षभरानं माझ्या नावावर झाली. आता परवाना निघाला की मीच जाते. या आषाढात मी एका डुकरावर झाडली आणि गोळी मागं लागली, पोटात. पळालं ते. जमिनीवर रक्तात हिरवं मिसळलेलं होतं. मी आधी थावराच्या वावरात गेले, मग वरच्या शेतआखाड्यावर, मग तांड्यावर, आणि जे भेटलं त्याला सांगितलं, माझ्या हातून जखमी झालंय, पोरंबाळं आत ठेवा, बाया निंदायला पाठवू नका. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एक म्हातारा म्हणाला, बाईच्या हातात बंदूक दिली की असंच व्हायचं. म्हणू दे. दुसऱ्या दिवशी दुपारी ते वढ्याच्या कपारीत सापडलं आणि मी ते संपवलं. हात हुकतो, वैजू. दाजींचाही हुकायचा. चार घरं फिरून सांगायला लाज वाटते, बस. तेवढी लाज तू त्या संध्याकाळी सोसली असतीस तर दाजींनी तुला दोन शिव्या घातल्या असत्या, आणि तूर कापायला तेच उभे असते.

तू मला फोटो का पाठवलेस यावर मी आठवडाभर विचार केला. तुला खरंच रायफल विचारायची होती, की माझ्याशी बोलायला दुसरं काही सापडलं नाही? कधी वाटतं, तू विसरलास. कधी वाटतं, तुला झोप लागत नाही आणि मी विचारावं म्हणून तू वाट बघून राहिलास. मी विचारणार नाही. मला माहीत आहे.

मी ठरवलं ते सांगते. दिवाळीच्या आधी मी वनखात्याच्या ऑफिसात जाऊन माझा जबाब बदलणार. मी खोटं बोलले, त्याचं जे होईल ते माझ्यावर घेईन. बंदूक गेली तर जाऊ दे. तुझं नाव त्यात येणार, ते मी टाळू शकत नाही, आणि आता टाळणारही नाही. यांचं नाव धुऊन निघालं पाहिजे. मायला मी साखऱ्याला जाऊन सांगीन. ती रडेल, मला शिव्या देईल, पोरासाठी पाया पडेल. ते मी बघते.

राहिली सृष्टी. तिला मी सांगू शकते, आजसुद्धा. पण माझ्या तोंडून ऐकलं तर ती जन्मभर तुझ्या नावावर थुंकेल. तुझ्या तोंडून ऐकलं तर काय करेल, मला ठाऊक नाही. कदाचित तेच करेल. तेवढी एक जागा मी तुझ्यासाठी ठेवली आहे, दसऱ्यापर्यंत.

डोंगरात जायचं की नाही ते तुझं तू बघ. गेलास तर तीनशे आठ ने. आणि वर जे वाक्य मी अर्धं सोडलं ते पुरं करते. गोळी लागली आणि जनावर पडलं नाही, तर त्याच पावली अझामतभाईला सांग. तो तुझ्या मागून त्याच वाटेनं येणार आहे. त्यालाही घरी कुणी असेल.

फोन कर. संध्याकाळी फोन सृष्टीजवळ असतो, तीच उचलेल. मामा, कसे आहात, असं म्हणेल ती, कारण तिला काही माहीत नाही. तू तिला अभ्यासाचं विचारू नको, गावचं विचारू नको. पहिलं वाक्य एवढंच म्हण, "सृष्टी, ते काडतूस मी घातलं होतं, आणि मला रक्त दिसलं होतं." मग ती जे म्हणेल ते सगळं ऐकून घे. तिनं ठेवल्याशिवाय फोन ठेवू नको.

मी बाजूला बसलेली असेन.

रेवती